दाबोळी : एका धावपट्टीची कहाणी

गोव्याच्या मुरगाव तालुक्यात, झुआरी नदीचे मुख एका बाजूस आणि अरबी समुद्र दुसऱ्या बाजूस, अशा दोन पाण्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे एक सपाट पठार पसरलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची अवघी पन्नास-पंचावन्न मीटर. पायथ्याशी वास्को शहर, त्यापलीकडे मुरगावचे प्राचीन बंदर, दक्षिणेस बोगमाळोची पुळण. या पठारावरील दाबोळी या लहानशा गावाचे नाव आज लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत अनेकांच्या ओठी आहे, ते तेथील विमानतळामुळे. गेल्या सत्तर वर्षांत या एका धावपट्टीने दोन राज्यकर्ते पाहिले, बाँबवर्षाव सोसला, युद्धनौकांवरील विमानांना आसरा दिला आणि कोट्यवधी प्रवाशांची ये-जा पाहिली. या धावपट्टीची कहाणी सांगणे म्हणजे अर्वाचीन गोव्याचीच कहाणी सांगणे होय.

विमानतळ बहुधा व्यापाराच्या वाढीतून किंवा प्रवासाच्या सोयीसाठी जन्मास येतो. दाबोळीचा जन्म मात्र कोंडीतून झाला. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला, पण गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सत्ता हटली नाही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली येथील जनतेने पोर्तुगीज अंमल झुगारून दिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींनी गोव्याच्या सीमेत प्रवेश केला आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक सत्याग्रही त्या दिवशी धारातीर्थी पडले. त्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी कडक केली होती. मुरगावहून कुळे, कॅसलरॉक या मार्गाने घाट चढून जाणारी आगगाडी बंद पडली. ज्या बेळगावातून गोव्याच्या बाजारात भाजीपाला उतरत असे, त्या बेळगावचा रस्ताही तुटला. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि जपानचे सिमेंट गोव्यात बोटींनी येऊ लागले. शेजारच्या घाटमाथ्यावर पिकणारा जिन्नस सातासमुद्रांपलीकडून आणण्याची पाळी गोवेकरांवर आली.

जमिनीकडून वाट बंद आणि समुद्राची वाट लांबची. तेव्हा पोर्तुगीज सरकारने आकाशाकडे पाहिले. मुरगाव बंदरानजीकचे दाबोळीचे पठार त्यांनी निवडले. या निवडीमागे शहाणपण होते. पठार नैसर्गिक रीत्याच सपाट, जांभा दगड कठीण, पावसाचे पाणी दोन्ही अंगांनी उताराने निघून जाणारे आणि इंधनाची पिंपे उतरविण्यास बंदर हाकेच्या अंतरावर. १९५५ साली हा तळ वापरास खुला झाला. तत्कालीन गव्हर्नर-जनरल पावलू बेनार गेदिश यांचे नाव त्यास देण्यात आले. सरकारी कागदोपत्री ते नाव राहिले. लोकांनी मात्र गावाचेच नाव वापरले आणि शेवटी तेच टिकले. दमण व दीव येथेही त्याच काळात लहान विमानतळ उभारण्यात आले.

विमानतळ झाला तशी विमान कंपनीही निघाली. ‘पोर्तुगीज इंडियाची हवाई वाहतूक’ अशा अर्थाचे तिचे नाव. त्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘ताइप’ म्हणून ओळखली जाई. प्रारंभी हेरॉन जातीची लहान विमाने, पुढे वायकिंग आणि चार इंजिनांची डग्लस विमाने तिच्या ताफ्यात आली. गोव्याहून दमण आणि दीव, आणि तेथून कराची, हा तिचा मुख्य मार्ग. कराचीची निवड सहज झालेली नव्हती. मुंबई बंद झाल्यावर जवळचे मोठे विमानतळ तेवढेच उरले होते, शिवाय कराचीत गोवेकरांची मोठी वस्ती पिढ्यान् पिढ्या नांदत होती. पुढे पुढे ही विमाने पश्चिम आशियातून मुक्काम घेत घेत खुद्द लिस्बनपर्यंत जाऊ लागली. अशा रीतीने दाबोळी जन्मापासूनच ‘आंतरराष्ट्रीय’ ठरली. परंतु हे आंतरराष्ट्रीयत्व विचित्र होते. येथून कराची गाठता येई, लिस्बन गाठता येई. पण शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील बेळगाव गाठता येत नसे. ज्याची बहीण सावंतवाडीस दिलेली आणि भाऊ मुंबईच्या गिरणीत, त्या गोवेकराच्या दृष्टीने या विमानतळाचा उपयोग काय होता?

या परिस्थितीचा शेवट १९६१ च्या डिसेंबरात झाला. भारत सरकारने ‘ऑपरेशन विजय’ ही मोहीम हाती घेतली. हवाई कारवाईसाठी पुण्याचा आणि बेळगावनजीकच्या सांबऱ्याचा असे दोन तळ सज्ज करण्यात आले. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमाने पुण्याहून निघाली आणि दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले. मागोमाग ८ कॅनबेरांची दुसरी तुकडी आली. याच वेळी हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले व गोव्याचा बाह्य जगाशी असलेला संबंध तोडला.

या हल्ल्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धावपट्टी निरुपयोगी करावी, परंतु विमानतळाच्या इमारतींस व अन्य सोयींस धक्का लावू नये, अशी वैमानिकांना आज्ञा होती. जो तळ उद्या आपलाच होणार, तो बेचिराख करण्यात हशील नाही, हा दूरदर्शी हिशेब त्यामागे होता. म्हणूनच आवारात उभी असलेली दोन प्रवासी विमाने, एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि दुसरे ‘ताइप’चे डग्लस, वैमानिकांनी तशीच सोडली. त्या रात्री अंधाराचा फायदा घेऊन ही दोन्ही विमाने उडाली. खड्ड्यांनी भरलेल्या धावपट्टीपैकी सुमारे ७०० मीटरचा तुकडा तेवढा कामाचा उरला होता. वजन कमी करण्यासाठी आतील खुर्च्या व जास्तीचे सामान काढून टाकण्यात आले होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन, समुद्रालगत अगदी खालून उडत, ती कराचीस पोहोचली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबर रोजी, गव्हर्नर-जनरल वासालू ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची राजवट संपली आणि तिच्याबरोबर ‘ताइप’ही संपली.

मुक्तीनंतर गोव्याचे लष्करी प्रशासक मेजर जनरल के. पी. कँडेथ हे होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९६२ च्या एप्रिलमध्ये, दाबोळीचा तळ भारतीय नौदलाच्या हवाई शाखेकडे सोपविण्यात आला. या एका निर्णयाने दाबोळीच्या पुढील साऱ्या इतिहासाची दिशा ठरविली. नौदलास त्या वेळी अशा तळाची निकड होती. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९६१ सालीच दाखल झाली होती. तिच्यावरील सी हॉक व अलिझे विमानांना, नौका बंदरात असताना, किनाऱ्यावर उतरावयास व सराव करावयास जागा हवी होती. ‘हंसा’ या नावाचा नौदलाचा हवाई तळ १९६१ च्या सप्टेंबरमध्ये कोइमतूरजवळील सुलूर येथे सुरू झाला होता. परंतु सुलूर समुद्रापासून दूर. जून १९६४ मध्ये ‘हंसा’ दाबोळीस आली आणि कायमची येथेच राहिली. १९८३ च्या डिसेंबरात सरळ वर उचलली जाणारी सी हॅरियर विमाने येथे उतरली. २०१६ साली ती निवृत्त झाली आणि त्यापूर्वीच मिग-२९के विमानांनी त्यांची जागा घेतलेली होती. नौकेवरील तोकड्या धावपट्टीवरून उडण्याचा व दोराच्या साह्याने थांबण्याचा सराव किनाऱ्यावरच करता यावा म्हणून येथे उंचावत जाणारा एक खास उतरंडीचा मार्ग बांधण्यात आला. स्वदेशी बनावटीच्या तेजस विमानाची नौदलासाठी सिद्ध केलेली आवृत्ती १३ सप्टेंबर २०१९ रोजी याच तळावर दोरात अडकून थांबली, ही भारतीय विमानविद्येतील मोठी पायरी होय.

मालकी नौदलाकडे गेली तरी नागरी विमाने बंद राहिली नाहीत. नौदलाच्या तळावर नागरी वाहतुकीसाठी एक वेगळे आवार राखण्यात आले आणि मुंबई, बंगळूर अशा शहरांशी गोवा हवाई मार्गाने जोडला गेला. प्रारंभी हा प्रवास थोड्यांच्याच आवाक्यातील होता. सामान्य माणूस मुंबईहून बोटीने पणजीस येई किंवा लोंढ्यास गाडी बदलून घाट उतरे. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुख दिल्लीच्या परिषदेच्या मध्यंतरात विश्रांतीसाठी गोव्यास आले. त्या निमित्ताने रस्ते व विमानतळ यांचे रूप पालटले आणि गोव्याच्या किनाऱ्याचे नाव जगाच्या वृत्तपत्रांत झळकले. त्याच दशकात जर्मनीतून पर्यटकांनी भरलेली भाड्याची विमाने थेट दाबोळीस उतरू लागली. मागून इंग्लंडची आली, त्यानंतर रशियाची. पावसाळा सरला की ही विमाने येत आणि उन्हाळा तापू लागला की परतत. जणू स्थलांतर करणारे पक्षीच.

पण पर्यटकांच्या गर्दीत एक दुसरी गर्दी झाकली जाते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. तेलाच्या पैशाने आखाती देशांत बांधकामे व उद्योग उभे राहिले, तेव्हा गोव्याचे, सिंधुदुर्गाचे, कारवारचे तरुण तिकडे निघाले. कुवेत, दुबई, मस्कत ही नावे सासष्टीच्या व बार्देसच्या खेड्यांत घरगुती झाली. दाबोळीच्या जुन्या इमारतीच्या दाराशी पहाटेच्या वेळी उभे राहून मुलाला निरोप देणारी आई, आणि दोन वर्षांनी त्याच दारातून दोरीने बांधलेली मोठी पेटी ढकलीत बाहेर येणारा मुलगा, हे दृश्य या विमानतळाने जितक्या वेळा पाहिले तितक्या वेळा कोणत्याही राष्ट्रप्रमुखाचे स्वागत पाहिले नसेल. पर्यटक गोव्यात पैसा आणतो हे सर्वांस दिसते. या पेट्यांतून आणि मनिऑर्डरींतून किती घरांवर कौले चढली, किती बहिणींची लग्ने झाली, हे त्या त्या घरांनाच ठाऊक.

आता या विमानतळाचा कारभार कसा चालतो ते पाहू. दाबोळीस मुख्य धावपट्टी एकच, सुमारे ३,४०० मीटर लांबीची. तिच्या दोन टोकांस ०८ आणि २६ असे आकडे दिलेले आहेत. होकायंत्राच्या अंशांतील शेवटचे शून्य गाळले की हे आकडे मिळतात. म्हणजे एका टोकाकडून निघालेले विमान सुमारे ८० अंशांच्या, म्हणजे जवळजवळ पूर्वेच्या, दिशेने धावते आणि दुसऱ्या टोकाकडून निघालेले सुमारे २६० अंशांच्या, म्हणजे पश्चिमेच्या, दिशेने. विमानाने वाऱ्यास तोंड देऊन उडावे व उतरावे हा सर्वत्र नियम आहे. तेव्हा नैऋत्येचा मोसमी वारा समुद्रावरून सुटला की विमाने पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. आषाढातील मुसळधार पावसात, ढग पठारावर टेकलेले असताना, हे काम वैमानिकाची कसोटी पाहणारे असते.

धावपट्टी आणि उड्डाणांचे नियंत्रण नौदलाकडे आहे. प्रवाशांची इमारत, सामानाची व्यवस्था, विमाने उभी करण्याच्या नागरी जागा यांचा कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरण पाहते. जकात, पारपत्रांची तपासणी, सुरक्षा यांची खाती निराळी. एकाच घरात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि अंगण मात्र एकच असावे, तसा हा प्रकार. घरमालकाच्या गरजा पहिल्या, हे ओघानेच येते. म्हणून वर्षानुवर्षे सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारपर्यंतचा वेळ नौदलाच्या सरावासाठी राखीव राहिला. एखाद्या दुकानदारास ऐन बाजाराच्या वेळी दुकान बंद ठेवावे लागावे तशी ही अडचण. उरलेल्या तासांत सारी नागरी विमाने बसवावयाची, म्हणजे दुपारी आणि रात्री एकच गर्दी. त्यातच धावपट्टीस समांतर असा पूर्ण लांबीचा रस्ता दाबोळीस अनेक वर्षे नव्हता. त्यामुळे उतरलेल्या विमानास पुष्कळदा धावपट्टीवरच मागे वळून उलट चालत यावे लागे, आणि तेवढा वेळ आकाशातील विमान घिरट्या घालीत राही.

याही अडचणीत वाहतूक वाढतच गेली. २०१३ साली देशी व परदेशी प्रवाशांसाठी एकत्रित अशी मोठी नवी इमारत सुरू झाली. २०१८-१९ या वर्षात दाबोळीहून ये-जा करणाऱ्या प्रवाशांची संख्या ८० लाखांच्या पुढे गेली. गोव्याची एकूण लोकसंख्या पंधरा-सोळा लाखांच्या घरात आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. घरात पाच माणसे राहणारी आणि दाराशी पंचवीस पाहुणे, अशी ही स्थिती होती.

नागरी व लष्करी उड्डाणे एकाच पट्टीवर चालतात तेव्हा एकाचा अपघात दुसऱ्याची वाट अडवितो. ३ जानेवारी २०१८ रोजी नौदलाचे एक मिग-२९के उड्डाणाच्या प्रयत्नात धावपट्टीबाहेर जाऊन पेटले. शिकाऊ वैमानिक सुखरूप बाहेर पडला, परंतु विमानतळ काही तास बंद राहिला आणि ऐन हंगामातील शेकडो प्रवासी खोळंबले. त्यापूर्वी २७ डिसेंबर २०१६ च्या पहाटे मुंबईकडे निघालेले एक प्रवासी विमान धावपट्टीवरून घसरून बाजूच्या मातीत गेले. विमानात १६१ माणसे होती. काही जण जखमी झाले, पण कोणी दगावले नाही. सर्वांत दुःखद दिवस १ ऑक्टोबर २००२ चा. नौदलाच्या एका पथकाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उड्डाण करणारी दोन आयएल-३८ विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि त्यांतील १२ च्या १२ जणांचा अंत झाला. विमानांचे अवशेष खाली वस्तीनजीक कोसळले. शांततेच्या काळातही संरक्षणाची किंमत मोजावी लागते, हे दाबोळीच्या आसपासच्या रहिवाशांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

अशा कोंडलेल्या अवस्थेत नव्या विमानतळाची कल्पना पुढे यावी हे स्वाभाविकच होते. गोव्याच्या उत्तर टोकास, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेस लागून मोपा हे गाव आहे. २००० साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील विमानतळास तत्त्वतः मान्यता दिली. परंतु त्या मान्यतेस एक अट जोडलेली होती. मोपा सुरू झाल्यावर दाबोळी नागरी वाहतुकीसाठी बंद व्हावयाची होती. या अटीने गोव्यात जणू दोन गोवे निर्माण झाले. उत्तरेचे म्हणणे असे की, पेडणे हा कायमचा मागासलेला तालुका. त्यास विकासाची संधी कधी मिळणार? दक्षिणेचे म्हणणे असे की, मडगाव, कोलवा, काणकोण येथील हॉटेले, वास्कोची बाजारपेठ, हजारो टॅक्सीवाल्यांचा संसार हे सारे दाबोळीवर उभे आहे. ती बंद करणे म्हणजे भरल्या ताटावरून उठविणे. सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवडणुकांत हा प्रश्न गाजला. अखेर २०१० साली केंद्राने आपला जुना ठराव बदलला आणि दोन्ही विमानतळ चालू ठेवण्यास वाट मोकळी केली.

१३ नोव्हेंबर २०१६ रोजी मोपाची कोनशिला बसली. पुढे पठारावरील झाडे, झरे व रानाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने पर्यावरणविषयक परवानगी स्थगित केली आणि फेरविचारानंतर, जानेवारी २०२० मध्ये, अधिक अटी घालून ती स्थगिती उठविली. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाचे उद्घाटन झाले. संरक्षणमंत्रिपद व गोव्याचे मुख्यमंत्रिपद भूषविलेल्या मनोहर पर्रीकर यांचे नाव त्यास देण्यात आले. ५ जानेवारी २०२३ रोजी तेथे पहिले प्रवासी विमान उतरले. पहिल्या टप्प्यातच वर्षास ४४ लाख प्रवाशांची सोय, लांबरुंद धावपट्टी, आणि मुख्य म्हणजे चोवीस तासांतील प्रत्येक तास नागरी वाहतुकीस मोकळा. परिणाम लवकरच दिसू लागला. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत ओमान व कतारच्या विमान कंपन्यांनी तसेच एअर इंडियाच्या लंडनच्या विमानाने दाबोळी सोडून मोपाची वाट धरली. याच सुमारास शेजारच्या सिंधुदुर्गातही चिपी येथे, ऑक्टोबर २०२१ मध्ये, लहान विमानतळ सुरू झालेला होता. ज्या प्रदेशात एके काळी एक तळ पुरत नव्हता, तेथे आता शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात तीन झाले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. मोपाची सोय अधिक, हे नाकारण्यात अर्थ नाही. पेडण्याच्या, बांदा-सावंतवाडीच्या, बेळगावच्या प्रवाशास ती जवळची आहे. पण मोपाहून मडगाव गाठावयाचे तर उभा गोवा ओलांडावा लागतो. कुवेतहून रात्री उतरलेल्या सासष्टीच्या कामगारास पूर्वी अर्ध्या-पाऊण तासात घर दिसे; आता त्याच्या कष्टाच्या पैशातील एक हिस्सा टॅक्सीच्या भाड्यात जातो. वास्कोच्या ज्या टॅक्सीवाल्याने आखाती विमानाच्या वेळा तोंडपाठ केल्या होत्या, त्याच्या त्या पाठांतराचा उपयोग राहिला नाही. दुसरीकडे, मोपाच्या पठारावर ज्यांची गुरे चरत, ज्या धनगर कुटुंबांना आपली वस्ती सोडून अन्यत्र जावे लागले, त्यांच्या दृष्टीने विमानतळ म्हणजे केवळ नवे वैभव नव्हे. एका तालुक्यास मिळाले ते दुसऱ्याकडून घेतले गेले काय, आणि ज्याच्या जमिनीवर मिळाले त्याच्या पदरात किती पडले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे शोधली पाहिजेत. कागदावर दोन्ही विमानतळ चालू ठेवणे सोपे आहे. दोन्ही विमानतळ जगतील अशी वाहतुकीची वाटणी करणे ही खरी राज्यकर्त्यांची कसोटी होय.

दाबोळीचा इतिहास या बाबतीत एक धडा देतो. पोर्तुगीजांनी ही धावपट्टी बांधली ती लोकांसाठी नव्हे, तर सत्ता टिकविण्यासाठी. जग जवळ आले, पण शेजार तुटलेलाच राहिला. आणि म्हणून सहा-सात वर्षांतच त्या साऱ्या खटाटोपाचा शेवट पळून जाणाऱ्या दोन विमानांत झाला. पुढे तीच धावपट्टी, अर्धा दिवस सैनिकाची व अर्धा दिवस उतारूची होऊन, अपुऱ्या जागेत, अडचणीत, साठ वर्षे लोकांच्या उपयोगी पडली. विमानतळाची थोरवी इमारतीच्या काचांवर किंवा धावपट्टीच्या लांबीवर ठरत नाही. भोवतालच्या माणसास तो आपला वाटतो की नाही, यावर ती ठरते.

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाने १९९८ साली एक विमान-संग्रहालय उघडले आहे. तेथे सी हॉक आहे, अलिझे आहे, आणि मोकळ्या आवारात एक सुपर कॉन्स्टेलेशनही उभे आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री पळून गेलेले विमान अर्थातच हे नव्हे. हे एअर इंडियाच्या सेवेतून निघालेले, हवाई दलात राबलेले आणि शेवटी नौदलात येऊन विसावलेले विमान आहे. शाळेची मुले त्याच्या पोटाखालून धावतात आणि वर, पठारावरून, त्याच क्षणी एखादे नवे विमान गर्जत उडते. मुले मान वर करून पाहतात आणि ते कोठे चालले म्हणून गुरुजींना विचारतात. पुढील वीस वर्षांनंतरही त्या प्रश्नाला दाबोळीच्या पठारावर उत्तर असावे, एवढीच वास्को-सासष्टीच्या माणसाची मागणी आहे, आणि ती रास्त आहे.